बेपत्ता जवानाचं नाव शोधताना: कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन नोंदवही कितपत कामाची?

घरातला कोणी ‘बसऱ्याच्या लढाईत गेला तो परतलाच नाही’ एवढंच ठाऊक असेल, तर शोधाची सुरुवात या संकेतस्थळावरून करावी. शोधायला पैसे पडत नाहीत आणि नोंद सापडली तर तिचं प्रमाणपत्रही फुकट उतरवून घेता येतं. मात्र नुसतं नाव टाकून ‘शोधा’ दाबलं की बहुतेक वेळा हाती काही लागत नाही. यात निम्मा दोष यंत्रणेचा आणि निम्मा शंभर वर्षांपूर्वी नावं लिहून घेणाऱ्यांचा.

ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतल्या युद्धमृतांच्या कबरी, स्मारकं आणि नोंदी सांभाळणारं हे कमिशन १९१७ मध्ये इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन म्हणून स्थापन झालं. त्यांच्याकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे १७ लाख मृतांच्या नोंदी आहेत. त्यात येण्यासाठी मृत्यू ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातला हवा. नोकरीत असताना कुठल्याही कारणाने मृत्यू आला तरी चालतो, मग ती गोळी असो, पटकी असो की बोटीवरचा अपघात. नोकरी सुटल्यावर मृत्यू झाला असेल तर मात्र तो नोकरीतल्याच जखमेने किंवा आजाराने झाल्याचा पुरावा लागतो. म्हणून १९२३ साली गावी येऊन वारलेल्या जवानाचं नाव इथे शोधण्यात अर्थ नाही.

आता प्रत्यक्ष शोध. नोंदी रोमन लिपीत आहेत आणि नावाचे तुकडे त्यांच्या पद्धतीने पाडलेले आहेत. भारतीय शिपायाचं नाव ‘गणपत कदम’ असेल तर ते आडनावाच्या एकाच रकान्यात अखंड बसवलेलं असू शकतं, किंवा आडनाव मुळात नसतंच, नुसतं ‘गणपत’. म्हणून आडनावाच्या रकान्यात आधी पहिलं नाव टाकून पाहा, मग आडनाव, मग दोन्ही. स्पेलिंगचा भरवसा धरू नका. ‘शिंदे’ एस-एच ने सुरू होईल तसा नुसत्या एस ने किंवा एस-सी ने, आणि ‘जाधव’मधल्या ‘व’साठी व्ही किंवा डब्ल्यू, काहीही सापडेल.

आमच्या मते नावाच्या वाटेने जाऊच नये. पलटणीच्या वाटेने गेलेलं बरं. देश म्हणून भारतीय सैन्य निवडा, युद्ध निवडा, नावाचे रकाने मोकळे ठेवा आणि रेजिमेंटच्या रकान्यात पलटण लिहा. इथेच दुसरा खड्डा आहे. ‘मराठा’ तेव्हा इंग्रजीत एम-ए-एच-आर-ए-टी-टी-ए असं लिहीत. मधला एच आणि दुहेरी टी विसरलात की पानभर शून्य. पहिल्या महायुद्धात पलटणींचे क्रमांकही वेगळे होते: १०३, १०५ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री, शिवाय ११४, ११६ आणि ११७ मराठा. १९२२ च्या फेररचनेत या सगळ्या ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. १०३ ची पहिली झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी. त्यामुळे १९१६ चा मृत्यू ‘५ वी मराठा’मध्ये शोधणं किंवा १९४४ चा ‘१०३’मध्ये शोधणं, दोन्ही फुकट. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करी अभियंता दलाचे, जवान पहिल्या युद्धात ‘३ री सॅपर्स अँड मायनर्स’ या नावाखाली येतात. घरात ‘मराठा पलटणीत होते’ असं सांगितलं जात असलं तरी खेचरवाले, मजूर दल, भिस्ती आणि स्वयंपाकी यांच्या तुकड्याही बघा. गावाकडे सगळ्यांनाच ‘पलटणीत’ म्हणत.

निकाल हजारात आले तर यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घ्या आणि संगणकावर चाळा. यातला सोन्यासारखा रकाना म्हणजे ‘अतिरिक्त माहिती’. पुष्कळ नोंदींत तिथे ‘अमक्याचा मुलगा, अमक्या गावचा, तालुका, जिल्हा’ असा मजकूर सापडतो. या रकान्यात थेट शोधताही येतं, पण जुन्या नावांनी: रायगडसाठी कुलाबा, पुण्यासाठी पूना, ठाण्यासाठी ठाणा. आजचा सिंधुदुर्ग तेव्हा बराचसा रत्नागिरीत होता आणि सावंतवाडी संस्थान वेगळं. गावाच्या नावाची तीन-चार रोमन रूपं करून पाहिली की नावाच्या शोधात न सापडलेला माणूस बापाच्या नावावरून सापडतो.

नोंद उघडल्यावर काय वाचायचं? हुद्दा, क्रमांक, मृत्यूची तारीख, स्मारकाचं नाव आणि फलक क्रमांक. यातली तारीख जपून घ्यावी. बेपत्ता माणसाची ती बरेचदा कागदोपत्री धरलेली असते, कुणी पाहिलेली नसते. स्मारकाचं नाव तर अक्षर न अक्षर वाचावं. नाव ‘मेमोरियल’वर असेल तर सहसा ज्ञात कबर नाही. मात्र ‘क्रिमेशन मेमोरियल’वर असेल तर माणूस बेपत्ता नव्हता, त्याचं दहन झालं. इम्फाळ, ब्रह्मदेशातलं तौक्यान आणि इटलीतल्या सांग्रो नदीकाठी अशी दहन-स्मारकं आहेत. या एका शब्दावरून कितीतरी घरांत उगाच ‘सापडलेच नाहीत’ असा समज बसतो.

सराव म्हणून नाईक यशवंत घाडगे यांची नोंद काढून बघा. ५ व्या मराठाची तिसरी बटालियन, मृत्यू १० जुलै १९४४, इटली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या जवानाची ज्ञात कबर नाही. नाव आहे ते कसिनो मेमोरियलवर, चार हजारांहून अधिक बेपत्तांच्या सोबत. त्यांची नोंद कशी मांडली आहे ते बघितलं की आपल्या माणसाची कुठे शोधायची याचा अंदाज येतो.

युद्धकैद्यांच्या बाबतीत ही सेवा उणी पडते. माणूस कैदेत वारला हे नोंदीत बहुधा लिहिलेलंच नसतं, ते आपण ताडायचं. २९ एप्रिल १९१६ रोजी इराकमधल्या कुत-अल-अमारा येथे तुर्कांच्या वेढ्यात अडकलेली सहावी (पूना) डिव्हिजन शरण गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. यांपैकी एखाद्या पलटणीचा जवान त्या तारखेनंतर वारलेला दिसला आणि नाव बसरा मेमोरियलवर असलं, तर तो तुर्कांच्या कैदेत गेल्याची दाट शक्यता. शक्यताच फक्त, कारण कुमक म्हणून आलेले याच पलटणींचे जवान वेढ्याबाहेरही लढत होते. खात्रीसाठी जिनिव्हाच्या रेड क्रॉसने खुली केलेली १९१४-१८ च्या कैद्यांची कार्डं जोडीला घ्यावीत. तीही फुकट आहेत, पण तिथे यंत्राला नाव विचारता येत नाही. ड्रॉवर उघडून चाळावं तशी एकेक कार्डाची छायाचित्रं पुढे सरकवत जावं लागतं. चिकाटी हवी. जर्मनांच्या कैदेत वारलेल्यांचं काम त्यामानाने सोपं आहे. बर्लिनजवळच्या झेरेन्सडोर्फ इंडियन सिमेटरीत २०६ भारतीयांची नोंद आहे, ती अख्खी यादी एका बैठकीत वाचून होते.

दुसऱ्या युद्धात लिबियातल्या टोब्रुकला किंवा सिंगापूरला पकडले गेलेल्यांसाठी आधी इजिप्तमधलं अलामेन, इटलीतलं कसिनो आणि सिंगापूर ही स्मारकं तपासावीत. ब्रह्मदेशात हरवलेल्यांसाठी रंगून मेमोरियल, तिथे जवळपास २७ हजार नावं आहेत.

आता सगळ्यात मोठी तक्रार. बसरा मेमोरियलवर चाळीस हजारांहून अधिक जणांचं स्मरण आहे, पण फलकांवर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली, तर भारतीय शिपायांची नुसती संख्या. अमुक पलटण, इतके जण, बस्स. नावं नोंदवहीत गेली, दगडावर नाही. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनच्याच समितीने अहवालात मान्य केलं की ४५ ते ५४ हजार मृतांना असं दुय्यम स्मरण मिळालं आणि किमान १ लाख १६ हजार जणांची नावं कोरलीच गेली नाहीत, कदाचित कुठेच नाहीत. त्यात भारतीय आणि आफ्रिकी मोठ्या संख्येने. या अहवालाबद्दल कमिशनला गुण द्यावेच लागतील, आपल्याच संस्थेचं इतकं उघडं वर्णन सहसा कोणी करत नाही. पण शोधणाऱ्यासाठी त्याचा अर्थ रोकडा आहे: ‘नोंद सापडली नाही’ म्हणजे ‘असा माणूस नव्हता’ असं नव्हे. मजूर दल आणि सेवकवर्गाच्या बाबतीत तर मुळीच नव्हे.

कोकणात आणि साताऱ्याकडे गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत अजूनही संगमरवरी पाटी दिसते: या गावातून इतके गेले, इतके मेले. तिच्यावरही आकडाच असतो. तो आकडा आणि गावाच्या नावावरून नोंदवहीत सापडलेली नावं ताडून पाहिली, की किती जण निसटले ते कळतं. गावाच्या पातळीवर करण्यासारखं याहून उपयोगी काम नाही.

चूक सापडली किंवा नाव वगळलेलं दिसलं तर कमिशनला लिहिता येतं, त्याचंही शुल्क नाही. पण नुसती घरची आठवण पाठवू नये. निवृत्तिवेतनाचा कागद, पलटणीचं पत्र, पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक, असं काही समकालीन हवं. पदक मोडीत घालायच्या आधी भिंगातून त्याची कड वाचा. पहिल्या युद्धातल्या पदकावर क्रमांक, नाव आणि पलटण असते, आणि याच क्रमांकावरून हजार ‘बाबू’ आणि ‘रामा’ यांतला आपला नेमका कोणता ते ठरतं.

दर्यावर्दी घरांनी भूदलात वेळ घालवू नये. बोटीवर बुडालेले खलाशी, सारंग, टिंडल आणि आगवाले व्यापारी नौदलात किंवा रॉयल इंडियन मरीनमध्ये येतात. पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक जणांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरला, इंडियन सेलर्स होममध्ये आहे. खडकीला जाऊन बेपत्ता मराठी नावं शोधणारे मात्र हिरमुसतात. तिथल्या १९१४-१८ च्या स्मारकावर मुख्यतः ज्यांच्या कबरींची निगा दुसरीकडे राखता येईना अशांची नावं आहेत.

१९४७ नंतरचं काहीही इथे मिळणार नाही. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या ५४ जणांचा प्रश्न या कमिशनच्या कक्षेबाहेरचा आहे. स्वतंत्र भारताच्या शहिदांसाठी दिल्लीचं २०१९ मधलं राष्ट्रीय युद्ध स्मारक आणि त्याची नावांची यादी पाहावी.

एकूण पाचपैकी साडेतीन. नोंद हाती लागली की प्रमाणपत्रासोबत खाली जोडलेली मूळ कागदांची चित्रंही उतरवून ठेवा. टंकलेखकाने खोडून सुधारलेलं स्पेलिंग तिथेच दिसतं आणि पुढचा शोध त्याच स्पेलिंगने करायचा असतो.