छोट्या प्लांटेड टँकमधलं शेवाळ: टायमर, गोगलगाय की औषध?

जिवंत रोपं लावलेल्या 20-30 लिटरच्या फिश टँकची काच हिरवी पडायला लागली, की दुकानात औषधाची बाटली नाहीतर सकर मासा हातात ठेवतात. माझं मत विचाराल तर आधी दिव्याला टायमर लावा.

दिवा 6 ते 8 तासांवर आणायचा, खिडकीतलं ऊन टँकवर येऊ द्यायचं नाही आणि हायड्रिला, हॉर्नवर्ट अशा झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती भरपूर लावायच्या. पाण्यातलं खत त्या ओढून घेतात, शेवाळाची उपासमार होते. मात्र फरक दिसायला काही आठवडे जातात. तेवढा धीर नसेल तरच बाटलीकडे वळा, तेही जपून. तांबं असलेलं औषध कोळंबी आणि गोगलगायींच्या जिवावर उठतं. 'लिक्विड कार्बन' म्हणून मिळणारं ग्लुटराल्डिहाइड दाढीसारख्या काळ्या शेवाळावर खरंच चालतं, पण व्हॅलिसनेरियाची पानं त्याने विरघळतात. शिवाय शेवाळ एकदम मेलं की ते कुजतं आणि पाण्यातला ऑक्सिजन खाली येतो. लहान टँकमधल्या माशांना हे सोसत नाही.

सकर मात्र घेऊच नका. तो फूटभराच्या वर वाढतो, मोठा झाल्यावर शेवाळाला फारसं तोंड लावत नाही आणि रोपं उपटतो ते वेगळंच. नकोसा झाला म्हणून तळ्यात सोडणं तर फार वाईट; देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत तो असाच पसरला आहे.

खरी निवड नेराइट गोगलगाय आणि चेरी श्रिम्प (गोड्या पाण्यातली इवलीशी कोळंबी) यांच्यात आहे. काचेवरचे कडक हिरवे ठिपके नेराइटच खरवडू शकते. हिरव्या काचेवर ती चालून गेली की मागे नागमोडी स्वच्छ पट्टा उमटतो. गोड्या पाण्यात तिची पिल्लं जगत नाहीत, त्यामुळे टँक गोगलगायींनी भरून जाण्याची भीती नाही. पण लाकडावर, दगडांवर ती तिळाएवढी पांढरी अंडी चिकटवते आणि ती नखाने निघता निघत नाहीत. हे डोळ्यांना खुपणार असेल, तर श्रिम्प घ्या. ते पानांवरचं, मॉसमधलं मऊ शेवाळ दिवसभर वेचत बसतात आणि टँकमध्येच वाढतात. कडक ठिपके त्यांच्या आवाक्याबाहेरचे. एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांवर जात असेल तर ते हळूहळू मरतात. अशा घरात नेराइटच बरी. टँकमध्ये एंजलसारखा मोठा मासा असेल, तर श्रिम्प म्हणजे त्याचं महागडं जेवण.

पाणीच हिरवं झालं असेल तर या दोघांचा उपयोग शून्य. तिथे टँक 3-4 दिवस जाड कापडाने पूर्ण झाकायचा, एअर पंप चालू ठेवायचा आणि नंतर अर्धं पाणी बदलायचं. आणि टँक नवा असून काचेवर तपकिरी थर बसला असेल, तर काहीच विकत घेऊ नका. तो बोटानेही पुसला जातो आणि टँक मुरला की बहुतेक वेळा आपोआप जातो.