पेजिंग फाइल: विंडोजवर सोडायची, की आकडा आपण टाकायचा?
कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांची ड्रॉइंग रात्री घरच्या पीसीवर करायची म्हणजे रॅम ८ जीबी, क्रोममध्ये ढीगभर टॅब, आणि ऐन कामात मेमरी कमी पडल्याची पाटी.

रॅम अपुरी पडली की विंडोज त्यातला काही माल ड्राइव्हवरच्या ज्या फाइलमध्ये हलवतं, ती पेजिंग फाइल. तिची साइझ विंडोजवर सोडली तर फाइल गरजेप्रमाणे वाढते. रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी, यातलं जे मोठं तिथपर्यंत. पण ड्राइव्हच्या आठव्या हिश्श्यापुढे नाही. म्हणजे १२० जीबीच्या एसएसडीवर १५ जीबीला थांबणार. सी ड्राइव्हला जागा असेल तर माझं मत सरळ आहे: हात लावू नका.

सी गच्च भरला असेल तर मात्र आकडा आपण टाकण्यात अर्थ आहे, कारण फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते. परफॉर्मन्स सेटिंग्जमधून व्हर्च्युअल मेमरी उघडा, ऑटोमॅटिकची टिक काढा, यादीतून तो दुसरा ड्राइव्ह निवडा, कस्टम साइझमध्ये इनिशियल ८१९२ आणि मॅक्झिमम १६३८४ एमबी टाका. मग ‘सेट’ दाबा. नुसतं ओके करून काही होत नाही. गडी इथंच फसतो!

मॅक्झिमम कंजुषीनं ठेवलं तर आणखी घोळ. रॅम अधिक फाइल, एवढीच सगळ्या प्रोग्रॅमांची मर्यादा. ती संपली की प्रोग्रॅम बंद पडतो आणि सेव्ह न केलेलं ड्रॉइंग जातं. सगळ्याच ड्राइव्हवर ‘नो पेजिंग फाइल’ करायच्या वाटेला तर जाऊच नका. आणि दुसरा ड्राइव्ह म्हणजे जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर जागा सुटेल पण मशीन रांगेल. त्यापेक्षा राजारामपुरीत जाऊन रॅमची एक पट्टी वाढवून घेतलेली बरी.