समजले, पटले की मान्य? इंग्रजीत होकार देताना कोणता शब्द निवडावा

निरोप हाती आला की ‘मिळाला’, त्याचा अर्थ लागला की ‘समजले’, मुद्दा खरा वाटला की ‘पटले’ आणि तसे वागायचे ठरवले की ‘मान्य आहे’, असे चार वेगळे शब्द आपण मराठीत न अडखळता वापरतो. तोच माणूस इंग्रजीत लिहू लागला, की या चारही जागी ‘ओके’ किंवा ‘येस’ लिहून मोकळा होतो आणि त्यातून काय समजायचे ते समोरच्यावर सोपवतो. वास्तविक हे चारही टप्पे इंग्रजीत आहेत आणि प्रत्येकासाठी वेगळे शब्दही आहेत. म्हणून इंग्रजी शब्द शोधण्याआधी आपल्याला या चारांपैकी नेमके काय म्हणायचे आहे, हे स्वतःला मराठीतच विचारावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

समजा, एका सहकाऱ्याने लिहिले की अहवालातला दुसरा तक्ता काढून टाकू या. त्यावर ‘रिसीव्ह्ड, थँक्स’ असे उत्तर दिले तर ती निव्वळ पोच झाली. ‘नोटेड’ म्हटले तर सूचनेची नोंद घेतली एवढेच कळते, तुमचे मत कळत नाही. शिवाय वरिष्ठांना हा एकटा शब्द कोरडा वाटू शकतो, त्यामुळे त्याच्यासोबत आभाराचा शब्द असलेला बरा. ‘आय अंडरस्टँड’ म्हटले तर तक्ता का काढायचा हे तुम्हाला उमगले आहे, पण तो काढायला तुमची संमती आहे की नाही, हे अजून कळलेले नाही, आणि वाचणारा पुढे ‘बट’ येणार म्हणून थांबूनही राहतो. ‘आय अ‍ॅग्री’ म्हणजे तक्ता नको, हे तुमचेही मत आहे. ‘ऑल राइट, आय विल टेक इट आउट’ यात मताचा प्रश्नच येत नाही. तुम्ही काम अंगावर घेतलेले असते. यातले कोणतेच उत्तर चुकीचे नाही, पण ज्याने ‘आय अंडरस्टँड’ लिहिले आणि तक्ता तसाच ठेवला, त्याच्यावर शब्द फिरवल्याचा आरोप विनाकारण येतो.

आता रचनेकडे वळू. सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’, आणि तिचे मूळ आपल्याच वाक्यात आहे. ‘मी सहमत आहे’ यात ‘सहमत’ हे विशेषण आहे आणि ‘आहे’ हे क्रियापद. त्या ‘आहे’च्या जागी आपण ‘अ‍ॅम’ बसवतो. इंग्रजीत मात्र ‘अ‍ॅग्री’ हेच क्रियापद असल्याने ‘आय अ‍ॅग्री’ एवढेच पुरते. ‘मला समजते आहे’वरून आलेल्या ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ची गतही तशीच आहे, त्याचा अर्थ लावायचाच झाला तर ‘मी इतरांना समजून घेणारा माणूस आहे’ असा लागतो. तिसरी चूक सूक्ष्म आहे. कोणी आत्ता काही समजावून सांगितले की मराठीत आपण भूतकाळ वापरून ‘समजले’ म्हणतो, पण इंग्रजीत त्याच क्षणी ‘आय अंडरस्टूड’ म्हटले तर मागे कधीतरी समजले होते असा भास होतो. तेथे ‘आय अंडरस्टँड’ हा वर्तमानकाळ हवा. एकटे ‘अंडरस्टूड’ चालते, कारण तेथे ते भूतकाळाचे रूप नसते, ‘हे समजलेले आहे’ अशा अर्थाचे असते. बरोबरीच्या माणसाशी बोलताना ‘गॉट इट’ सर्वांत मोकळे.

‘अ‍ॅग्री’पुढे येणारे शब्दयोगी अव्यय ही बाब मला व्याकरणातल्या कोणत्याही नियमाहून महत्त्वाची वाटते, कारण ‘पटणे’ आणि ‘मान्य करणे’ यांतला भेद इंग्रजी येथेच दाखवते. माणसाशी किंवा मताशी जुळले तर ‘अ‍ॅग्री विथ’; प्रस्तावाला, अटीला किंवा काही करायला संमती दिली तर ‘अ‍ॅग्री टू’; आणि दोघांनी मिळून तारीख किंवा किंमत ठरवली तर ‘अ‍ॅग्री ऑन’. ब्रिटिश इंग्रजीत या शेवटच्या अर्थी अव्ययाशिवाय ‘अ‍ॅग्री अ डेट’ असेही लिहितात, पण म्हणून ‘आय अ‍ॅग्री युवर ओपिनियन’ शुद्ध ठरत नाही. ‘अ‍ॅक्सेप्ट’ हा शब्द देऊ केलेली वस्तू, पद किंवा अट यांना लागतो, कृतीला लागत नाही. ‘अ‍ॅक्सेप्टेड टू कम’ ही रचना चूक आहे, तेथे ‘अ‍ॅग्रीड टू कम’ हवे.

काही शब्द व्याकरणाने निर्दोष असूनही ऐकणाऱ्याला टोचतात. नवी माहिती मिळाल्यावर ‘आय सी’ म्हणावे. ‘आय नो’ म्हटले तर ‘हे मला आधीच ठाऊक होते’ असे होते. विनंतीला ‘ऑफ कोर्स’ हे उत्तर सौजन्याचे, पण माहिती विचारणाऱ्याला तेच दिले तर ‘हेही विचारायचे का’ असा सूर लागतो. ‘करेक्ट’चा अतिवापर तर टाळावाच, कारण आपल्याला त्यातून अनुमोदन द्यायचे असते आणि समोरच्याला आपण त्याचे उत्तर तपासत आहोत असे वाटते. ‘फेअर इनफ’ म्हणजे पूर्ण पटले नाही तरी मुद्दा रास्त आहे. ‘आय कुडन्ट अ‍ॅग्री मोअर’ म्हणजे पूर्ण पटले, जरी त्यातल्या नकारामुळे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते उलट वाटत असले तरी.

हा भेद केवळ शिष्टाचाराचा नाही, हे विमानचालनाच्या भाषेत फार कठोरपणे दिसते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळाच्या धावपट्टीवर, दाट धुक्यात, दोन बोईंग ७४७ विमानांची टक्कर झाली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. कारणे अनेक होती, पण त्यांतले एक असे की एका विमानाने ‘आम्ही आता टेकऑफला आहोत’ अशा अर्थाचे संदिग्ध इंग्रजी वाक्य उच्चारले, नियंत्रकाने त्यावर ‘ओके’ म्हटले, आणि त्यापुढचे ‘थांबा’ हे सांगणे दुसऱ्या विमानाचा संदेश त्याच वेळी आल्याने वैमानिकांना नीट ऐकू गेले नाही. उड्डाणाची परवानगी दिलेलीच नव्हती. आज विमानचालनातील ठरलेल्या शब्दांत ‘रॉजर’चा अर्थ ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’ इतकाच आहे आणि ‘हो की नाही’ अशा प्रश्नाला तो उत्तर म्हणून वापरता येत नाही. ‘हो’साठी ‘अफर्म’ आहे, आणि ‘समजले, त्याप्रमाणे करतो’ यासाठी ‘विल्को’. महत्त्वाच्या सूचना तर शब्दशः परत म्हणून दाखवाव्या लागतात. रोजच्या कामातही मी हीच पद्धत सर्वांत भरवशाची मानतो: ‘समजले’ म्हणण्याऐवजी काय समजले ते एका वाक्यात परत सांगावे.

नकारार्थी प्रश्नात मात्र परत सांगतानाही गोंधळ होतो. ‘तुम्ही येणार नाही ना?’ याला मराठीत ‘हो, नाही येणार’ हे उत्तर चालते, कारण ‘हो’ने आपण प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत पहिला शब्द स्वतःच्या वाक्याशी जुळवावा लागतो, म्हणून ‘नो, आय अ‍ॅम नॉट’. ‘डू यू माइंड इफ आय ओपन द विंडो?’ यावर ‘येस’ म्हटले तर खिडकी बंदच राहील. हरकत नसेल तर ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल’.

शेवटी सर्वांत अवघड प्रसंग उरतो, तो म्हणजे कारण समजले आहे, ते पटलेले नाही, तरीही काम करायचे आहे. अशा वेळी बहुतेक जण ‘ओके’ लिहून नाराजी मनात ठेवतात. त्यापेक्षा ‘आय अंडरस्टँड द रीझन. आय डोन्ट अ‍ॅग्री विथ इट, बट आय अ‍ॅग्री टू डू इट’ असे लिहावे. त्यातले ‘विथ’ तुमचे मत राखते आणि ‘टू’ तुमचा शब्द देते.