बॉक्स एका खोलीत, टीव्ही दुसऱ्या खोलीत: वायरलेस सेंडर घ्यावा की केबल ओढावी?

बाहेरच्या खोलीतल्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र आतल्या टीव्हीवर दिसावं, एवढीच मागणी असते. त्यासाठी मिळणाऱ्या वस्तू मात्र चार-पाच जातींच्या आहेत, आणि खोक्यावर सगळ्यांच्याच ‘वायरलेस’ असं ठसठशीत लिहिलेलं असतं. कोणता सेंडर चांगला हे बघण्याआधी आपल्याला सेंडर हवाच आहे का, ते ठरवावं.

सेंडर म्हणजे दोन डब्यांची जोडी: एक बॉक्सला लावायचा, दुसरा, म्हणजे रिसीव्हर, टीव्हीला. तो काही नवीन दाखवत नाही. बॉक्सवर जे चालू आहे तेच तो पलीकडे पोचवतो. बाहेर बातम्या लागल्या असतील तर आतही बातम्याच. आतल्या माणसाने चॅनेल बदललं की बाहेरच्याचंही बदललं. दोन खोल्यांत दोन वेगळे कार्यक्रम बघायचे असतील तर बाजारातला सर्वात महागडा सेंडरही उपयोगाचा नाही. दुसरा बॉक्स किंवा दुसरी जोडणीच लागेल. आतल्या टीव्हीवर फक्त इंटरनेटवरचे चित्रपट, मालिका बघायच्या असतील तरी सेंडर नको. टीव्ही स्मार्ट असेल तर त्यातलं ॲप पुरतं, नसेल तर एचडीएमआय पोर्टात लावायची स्ट्रीमिंग स्टिक.

इथे कास्टिंग आणि मिररिंग यांत गल्लत होते. कास्टिंग, म्हणजे २०१३ साली आलेल्या गूगलच्या क्रोमकास्ट या टीव्हीला लावायच्या यंत्राची मूळ पद्धत, अशी की फोन फक्त काय लावायचं ते सांगतो. व्हिडिओ टीव्हीला लावलेलं यंत्र स्वतः इंटरनेटवरून ओढतं. मिररिंगमध्ये, म्हणजे मिराकास्टसारख्या पद्धतीत, मात्र फोनची अख्खी स्क्रीन सतत पाठवली जाते. त्यात फोनची बॅटरी उतरते, आणि फोन घेऊन दुसरीकडे गेलात की चित्र तुटतं. रोज सिनेमा बघायला कास्टिंग बरं. मिररिंग फोटो दाखवण्यापुरतं ठेवावं.

आता उरले ते खरे सेंडरवाले: बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर किंवा गेम कन्सोल एकच आहे आणि त्याचं चित्र भिंतीपलीकडे हवं आहे.

जुना ॲनालॉग की नवा एचडीएमआय

जुना एव्ही सेंडर म्हणजे पिवळ्या, लाल, पांढऱ्या पिनांचा. तो २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्यावर चार चॅनेलचं बटण असतं. अडचण अशी की वाय-फाय त्याच पट्ट्यात आहे, ब्लूटूथही तिथेच, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन साधारण २४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे बरोबर मधोमध. ओव्हन सुरू झाला की चित्रावर आडवे पट्टे येतात. उलट बाजूने, सेंडर अखंड प्रसारण करत असल्यामुळे घरातलं वाय-फाय मंदावतं, आणि लोक दोष राउटरला देत बसतात. ५.८ गिगाहर्ट्झचा सेंडर ही गर्दी बरीच टाळतो, पण ती लहर भिंतीत जास्त विरते.

एक गुण मात्र मान्य करायला हवा: ॲनालॉगमध्ये उशीर जवळपास नसतोच, आणि सिग्नल कमी झाला तर चित्र हळूहळू मुंग्यांनी भरत जातं, पण दिसत राहतं. तरीही आजच्या मोठ्या टीव्हीवर ते चित्र धुरकटच दिसणार. माझ्या मते जुना टीव्ही किंवा साधा कॅमेरा असेल तरच त्याच्या वाटेला जावं.

एचडीएमआय सेंडरमध्येही दोन जाती आहेत आणि खोक्यावरून त्या ओळखू येत नाहीत. १०८० पी (फुल एचडी) चित्र सेकंदाला ६० फ्रेमने, जसंच्या तसं पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट माहिती हवेतून न्यावी लागते. वायरलेसएचडी ही पद्धत त्यासाठी ६० गिगाहर्ट्झ वापरते. चित्र उत्तम, उशीर नगण्य, पण त्या लहरीला भिंत म्हणजे पूर्णविराम. एकाच खोलीत प्रोजेक्टर टांगायला ती छान. दोन खोल्यांसाठी बाद. घरगुती सेंडर बहुतेक दुसऱ्या जातीचे असतात: ते चित्र एच.२६४ सारख्या पद्धतीने दाबतात, ५ गिगाहर्ट्झवरून पाठवतात आणि पलीकडे उलगडतात. या दाबण्या-उलगडण्यात सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून जास्त वेळ जातो.

हा उशीर कुणाला बोचतो? सिनेमा बघणाऱ्याला नाही, कारण आवाज आणि चित्र दोन्ही एकत्रच उशिरा येतात. रिमोट दाबल्यावर मेनू किंचित रेंगाळतो, तेवढंच. गेम खेळणाऱ्याने मात्र या सेंडरच्या नादी लागू नये. आणखी एक त्रास आधी कुणाच्या लक्षात येत नाही: दोन्ही टीव्हींचा आवाज चालू असेल आणि मधलं दार उघडं असेल, तर प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येतं.

खोक्यावरचा पल्ला मोकळ्या जागेतला असतो, मधे काही आडवं नसताना. लाकडी किंवा जिप्समचं पार्टिशन फारसं आड येत नाही. विटांची भिंत बरंच खाते, आणि सळ्यांचं काँक्रीट त्याहून जास्त. भिंतीइतकंच तिच्याशी काय टेकवलंय तेही बघा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा, माशांची टाकी यांतलं काही मधे असेल तर सेंडर हातभर बाजूला सरकवल्यानेही फरक पडतो. डिजिटल चित्राला मुंग्यांची पायरी नसते. ते स्वच्छ असतं, मग अडखळतं, मग एकदम काळं.

‘४ के’ या शिक्क्याला भुलू नका. बरेच सेंडर ४ के सिग्नल घेतात, पण पुढे १०८० पीच पाठवतात. बारीक अक्षरात ‘आउटपुट’ काय लिहिलंय ते वाचा. आणि बॉक्सपाशीही टीव्ही असेल तर सेंडरला लूप-आउट पोर्ट, म्हणजे तेच चित्र जवळच्या टीव्हीलाही देणारा पोर्ट, आहे ना ते पाहा, नाहीतर वर एका सिग्नलचे दोन करणारा स्प्लिटर घ्यावा लागतो.

रिमोटचं काय

आत बसून बाहेरचा बॉक्स बदलायचा तर सेंडरमध्ये आयआर (इन्फ्रारेड, म्हणजे साध्या रिमोटचा न दिसणारा प्रकाश) परतीची सोय हवी. रिसीव्हरला एक डोळा असतो. तो रिमोटचा सिग्नल पकडून बॉक्ससमोर चिकटवलेल्या छोट्या एलईडीपर्यंत पोचवतो. ही एलईडी बॉक्सच्या काळ्या काचेत नेमकी कुठे लावायची यावर सगळं अवलंबून, म्हणून चिकटवण्याआधी हातात धरून सरकवून बघावी. तुमचा रिमोट आयआरचा आहे की नाही हे तपासायला त्याचं टोक फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट ठिणगी दिसली तर आयआर. काहीच दिसलं नाही आणि रिमोट बॉक्सकडे न रोखताही चालत असेल, तर तो ब्लूटूथ किंवा रेडिओचा. मग त्या परतीच्या सोयीचा उपयोग शून्य.

केबल ओढणं शक्य असेल तर

तर ओढावी. साधी एचडीएमआय केबल ४ के साठी ५ मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. त्यापुढे ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. ती सहज ३० मीटर जाते, पण तिला दिशा असते: एक टोक बॉक्सकडचं, एक टीव्हीकडचं. भिंतीत आधीच नेटवर्कची कॅट-६ केबल असेल तर एचडीबेसटी एक्स्टेंडर, म्हणजे त्या केबलमधून एचडीएमआयचं चित्र नेणारी डब्यांची जोडी, लावा. तो १०० मीटरपर्यंत चित्र नेतो, उशीर जाणवत नाही. मात्र ती केबल सरळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली हवी; मधे राउटर किंवा स्विच चालत नाही. विजेच्या तारांतून चित्र नेणारे संचही मिळतात, पण घरातल्या वायरिंगवर त्यांचं सगळं नशीब, म्हणून मी ते शेवटी ठेवतो.

भाड्याच्या घरात किंवा भिंत फोडायची तयारी नसताना वायरलेसला पर्याय नाही, हेही खरं. तसं असेल तर परत करता येईल अशा अटीवरच सेंडर घ्या आणि मुदतीच्या आत तो छळून बघा: दारं बंद करून, संध्याकाळी सगळे वाय-फायवर असताना, सलग दोन तास. वीज टीव्हीच्या यूएसबी पोर्टातून न देता अडॅप्टरने द्या. काही टीव्हींचा पोर्ट पुरेसा करंट देत नाही, आणि चित्र मधेच गेलं की आपण उगाच भिंतीकडे बघत बसतो.