कावीळ ‘ए’ की ‘बी’?

डोळे पिवळे दिसले की घरात एकच शब्द निघतो, कावीळ. ती अनेकदा यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिसच्या विषाणूंमुळे होते. त्यातला हिपॅटायटिस ए दूषित पाण्यातून, अन्नातून येतो, काही आठवडे अंथरुणाला खिळवतो आणि बहुतेकदा आपसूक पूर्ण बरा होतो. (गळ्यात घातलेल्या काविळीच्या माळेला श्रेय मिळतं ते यामुळेच!) मला खरी धास्ती बीची वाटते. तो रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला लागतो. मोठेपणी लागण झाली तर शंभरात पाचांहूनही कमी जणांत तो कायमचा राहतो. जन्मताच झाली तर सुमारे ९० जणांत. वर्षानुवर्षं त्रास जाणवत नाही, आणि एकदम सिरॉसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाणं) किंवा यकृताचा कर्करोगच समोर येतो. लस दोन्हींवर आहे. बीची मात्र बाळ जन्मल्यापासून २४ तासांच्या आत टोचून घ्याच.