छोटी बॅटरी 'बदलली', १७,६०० गेले, बॅटरी तीच

आधीच सांगतो, यात माझीही चूक आहे आणि ती कोणती ते पण लिहिणार आहे. त्यामुळे शहाणपणा शिकवू नका, मेव्हण्याने तो भरपूर शिकवून झालाय.

गाडी जीप रँग्लर, २०२१ ची, सेकंड हँड घेतलेली. ज्यांच्याकडे आहे त्यांना माहितीये, हिला दोन बॅटऱ्या असतात. मोठी बॉनेट उघडलं की समोर दिसते. छोटी, स्टार्ट-स्टॉपवाली (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होतं ना, त्यासाठीची), ती मोठीच्या ट्रेखाली फ्यूजबॉक्सच्या बुडाशी अशी दडवलीये की टॉर्च मारून पण दिसत नाही. काढायची तर एक तर वरून मोठी बॅटरी, ट्रे, फ्यूजबॉक्स सगळं हलवा, नाहीतर पुढचं चाक काढा, फेंडर लायनरच्या (चाकामागचं प्लास्टिकचं कव्हर) क्लिपा उचकटा आणि खालून हात घाला. आणि गाडी उभी असताना दोन्ही एकमेकींना जोडलेल्या राहतात, म्हणजे छोटी मेली की ती मोठीला पण ओढून खाली नेते. वर मीटर लावला तर दोघींचा मिळून आकडा येतो, छोटीचं वेगळं काही कळत नाही. ज्याला फसवायचंय त्याला याहून चांगला पार्ट कुठे मिळणार, मालकाला आयुष्यात दिसणारच नाही.

माझं वर्क फ्रॉम होम, गाडी आठवडाभर सोसायटीत उभी, शनिवार-रविवार ताम्हिणी नाहीतर मुळशी. मे २०२५ मध्ये स्टार्ट-स्टॉपचा दिवा लागला तो जाईना. सकाळी स्टार्टर पण दमल्यासारखा फिरायला लागला. एका ओळखीच्याने नदीपलीकडचं, वाकडच्या बाजूचं एक गॅरेज सांगितलं, फोर बाय फोरचं स्पेशल म्हणे. गेलो तर बाहेर दोन थार, एक जुनी जिप्सी, भिंतीवर ट्रेलचे फोटो, मालक बोलायला एकदम गोड. स्कॅनर लावला, म्हणाला साहेब छोटी गेलीये, मोठी ठणठणीत आहे. हे निदान बरोबर होतं हां, म्हणून तर विश्वास बसला!

बॅटरी १४,५००, लेबर ३,५००. "खालून काढावी लागते साहेब, चाक खोलायचं, लायनर खोलायचं, म्हणून लेबर." आणि मग तो प्रश्न. बिल पाहिजे का? बिल घेतलं तर बॅटरीवर २८ टक्के जीएसटी म्हणजे ४,०६० आणि लेबरवर १८ टक्के म्हणजे ६३०, वर ४,६९०. मी म्हणलं राहू द्या. हो, म्हणलं. तुम्ही पण म्हणता, फरशीवाल्याला म्हणता, रंगवाल्याला म्हणता, उगाच माझ्याकडे तसं बघू नका. पुढे सप्टेंबर २०२५ पासून बॅटरीवरचा जीएसटी पण १८ झालाय, ते वाचून तर डोकंच फिरलं.

शनिवार ३१ मे. "दोन-अडीच तास लागतील, समोर मिसळ चांगली मिळते," म्हणून मला घालवलं. मिसळ चांगली होती, ते मान्य. सव्वा तासात फोन, गाडी रेडी. मी आलो, दिवा गायब, सेल्फ मारल्या मारल्या गाडी चालू. जुनी बॅटरी कुठंय विचारलं तर म्हणे ती बायबॅकला ठेवली, तिचे ४०० तुमच्या बिलातून कमी केलेत. आणि मी त्याला थँक्यू म्हणलं! जी बॅटरी माझ्या गाडीतून निघालीच नव्हती तिचे भंगाराचे ४०० रुपये त्याने मला दिले आणि मी खूश. १८,००० वजा ४००, १७,६०० यूपीआयने दिले, ते पण गॅरेजच्या नावावर नाही, कुणाच्या तरी पर्सनल नंबरवर.

आता ऐका, जे आठवून मला अजून रात्री झोप लागत नाही. त्या वर्षी पाऊस मे मध्येच आला, आधीच्या रविवारी मी ताम्हिणीत गेलो होतो आणि चाकं लाल चिखलाने माखलेली, वाळून पापुद्रे धरलेले. गाडी घ्यायला गेलो तेव्हा तो चिखल चाकाच्या नटांवर तसाच होता. पाचही नटांवर. मी पाहिलं. पाहिलं, एक सेकंद थांबलो, आणि मनात म्हणलं की जॅक लावून चाक न काढता करत असतील काहीतरी, आपल्याला काय कळतंय. अरे तो स्वतः म्हणाला होता चाक खोलायचं म्हणून! पान्याचा सॉकेट बसला असता तर चिखल पडायला नको? पोराचे हात पण स्वच्छ होते. सगळं समोर होतं आणि मी पुढे जाऊन गाडीचा फोटो काढून स्टेटसला टाकला, 'बॅक इन ॲक्शन'. त्या फोटोत नट स्पष्ट दिसतात. तोच फोटो आता माझा पुरावा आहे.

१४ जूनला ताम्हिणीत भजी खायला थांबलो, परत आलो तर गाडी मेलेली. धो धो पाऊस, रेंज नाही, बायको एक शब्द बोलत नव्हती, जे बोलण्यापेक्षा वाईट. तीन तासांनी एका पिकअपवाल्याने त्याच्या बॅटरीला केबल जोडून जंप दिला, ५०० घेतले, ते दिले पण पाहिजेत. आता इंजिन बंद करायची हिंमत नाही, आणि पंपावर इंजिन बंद केल्याशिवाय पेट्रोल देत नाहीत, त्यामुळे पौडला रिझर्व्हचा दिवा लागलेला असताना पंप डोळ्यांदेखत सोडला आणि तसाच बाणेरपर्यंत श्वास रोखून आलो.

दुसऱ्या मेकॅनिकने माझ्यासमोर चाक काढलं. लायनरची एकही क्लिप आधी उघडलेली नव्हती. बॅटरी कंपनीतून आलेली तीच, २०२१ चा शिक्का, वर चार पावसाळ्यांचा गाळ. म्हणजे पहिल्याने मोठी बॅटरी चार्जरला लावली, स्कॅनरने एरर पुसला आणि माझी मिसळ संपायची वाट बघितली. नवीन बॅटरी आणि लेबर, बिलासकट १४,३०० मध्ये झालं. बिलासकट!!

पहिल्याला फोन केला तर म्हणतो, "मी टाकलीच होती साहेब, तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकने काढून घेतली असेल." यावर काय बोलणार. नंतर नंबर ब्लॉक.

मग चौकी. नदीअलीकडची म्हणे गॅरेज पलीकडे आहे, तिकडे जा. पलीकडची म्हणे पैसे तुम्ही ज्या खात्यातून दिले ती बँक अलीकडे आहे, आणि बिल कुठंय? बिल नाही म्हणल्यावर तर चेहराच बदलला, जणू चोर मीच. मी भारतीय न्याय संहितेचं ३१८ म्हणलं, जुनं ४२०, तर साहेब म्हणाले ते आम्हाला माहितीये, हा दिवाणी मॅटर आहे. फोटो दाखवायला मोबाईल पुढे केला तर बघितला पण नाही. वर विचारतात गाडी केवढ्याची. सांगितली. "एवढ्या गाडीत फिरता आणि सतरा हजारासाठी येता?" सतरा हजार सहाशे, साहेब. आणि मग काय, गाडी मोठी असली की लुटायला परवानगी आहे का? लेखी अर्ज दिला, आवकचा शिक्का मागितला तर म्हणे साहेब पालखीच्या बंदोबस्ताला गेलेत, पुढच्या आठवड्यात या. जुलैत गेलो तर बदली. ऑगस्टमध्ये गेलो तर गणपतीनंतर या. गणपतीनंतर गेलो तर अर्जच सापडेना, परत लिहून द्या. चार चकरा, चार हाफ डे. ऑनलाइन तक्रार केली होती तिथून मेसेज आला की समोरच्याकडून प्रतिसाद न आल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. म्हणजे ज्याने फसवलं त्याने गप्प बसायचं, की काम झालं त्याचं! पेमेंट ॲपवाले तर म्हणाले पैसे योग्य खात्यात गेलेत, अभिनंदन म्हणायचं फक्त राहिलं.

शिक्का मिळाल्याशिवाय अर्ज हातातून सोडू नका, हे मला चौथ्या चकरेला कळलं.

आता जिल्हा ग्राहक आयोगात टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, वकील पण लागतोच असं नाही. पुरावा म्हणून यूपीआयचा स्क्रीनशॉट, नटांचा फोटो, दुसऱ्याचं बिल आणि त्याने चाक काढताना मी घेतलेला व्हिडिओ. तो व्हिडिओ पण सहज घेतला होता, नशीब. तुम्ही मुद्दाम घ्या. जुनी बॅटरी हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, नवीचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, आणि गाडी देण्याआधी चाकाच्या एका नटावर नखाएवढा नेलपॉलिशचा ठिपका मारा, कुणाला दिसत नाही. मिसळ नंतर खा. मेव्हणा म्हणतो चाळीस लाखांची गाडी आणि ४,६९० वाचवायला गेलास. सेकंड हँड घेतलीये रे, चाळीस कुठून आले.

जुनी बॅटरी सध्या गॅलरीत ठेवलीये, तुळशीच्या बाजूला. बायको रोज म्हणते भंगारवाल्याला देऊन टाक. देणार नाही. एक तर पुरावा आहे, आणि दुसरं म्हणजे तिचे ४०० मी आधीच घेतलेत.