प्रोमिथियस, नऊ महिने वापरून: मोबाईलात अकरा फूट, विहिरीत गाळ

जानेवारीत मोटर जळली नसती, तर प्रोमिथियसबद्दल हे लिहिलंच नसतं. प्रोमिथियस म्हणजे ठराविक वेळाने आकडे गोळा करून साठवणारं आणि अलर्ट देणारं सॉफ्टवेअर.

वरुड तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे, आंबिया बहाराची. ताण तोडायचं पाणी सुरू होतं आणि शेतीच्या विजेचा फिडर रात्रपाळीत. विहिरीवर अल्ट्रासॉनिक सेन्सर आहे. बॅटरी वाचावी म्हणून तो दर पंधरा मिनिटांनी एक आकडा घरच्या रास्पबेरी पायला पाठवतो, म्हणजे प्रोमिथियस चालतं त्या चिमुकल्या कॉम्प्युटरला. पातळी चार फुटांखाली गेली की अलर्ट येणार आणि मी मोबाईल स्टार्टरवरून मोटर बंद करणार, असा बेत. त्या रात्री आठलाच सेन्सरची बॅटरी बसली. ग्राफ मात्र सकाळपर्यंत अकरा फुटांवर, ओळंब्यासारखा सरळ. पहाटे बाबा विहिरीवरून आले आणि एवढंच म्हणाले, "तुह्या मोबाईलात पाणी हाय, विहिरीत नाही."

रिवाइंडिंगचे साडेपाच हजार गेले, मोटर वर काढणाऱ्यांची मजुरी वेगळी.

तेव्हा या सॉफ्टवेअरला मी भरपूर शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या आता परत घेतो. आकडे मी पुशगेटवेमधून ढकलत होतो. पाठवलेला आकडा प्रोमिथियस येऊन नेईपर्यंत धरून ठेवणारा हा मधला थांबा. पुशगेटवे शेवटचा आकडा आपण पुसेपर्यंत विसरत नाही. प्रोमिथियस दर मिनिटाला येऊन तोच अकरा फुटांचा आकडा ताजा समजून लिहीत होतं. बॅच जॉबसाठी, म्हणजे एकदा चालून संपणाऱ्या कामांसाठी, केलेली वस्तू मी विहिरीला लावली, चूक माझीच. शेवटचा पुश कधी झाला हेही ते आपणहून सांगत असतं. मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

मग पुशगेटवे काढलं. स्वतः छोटा एक्स्पोर्टर, म्हणजे प्रोमिथियसला आकडे वाचायला देणारा प्रोग्रॅम, लिहिला, जो प्रत्येक आकडा त्याच्या खऱ्या वेळेसकट देतो. आणि खरी कटकट इथून सुरू झाली: पाच मिनिटं.

स्वतःची वेळ घेऊन आलेलं सॅम्पल, म्हणजे एक नोंद, पाच मिनिटांहून जुनं झालं की साधी क्वेरी (आकडा मागणारी ओळ) त्याला ओळखही देत नाही. माझं सॅम्पल पंधरा मिनिटांनी येणार. म्हणजे पाच मिनिटं रेघ, दहा मिनिटं कोरं. ग्राफ दिसायला तुटक शिवणीसारखा, पण दिसण्याचं जाऊ द्या. अलर्टला मी 'सलग दहा मिनिटं' अशी अट घातली होती. पातळी चार फुटांखाली गेली, अलर्ट पेंडिंगमध्ये गेला, म्हणजे दहा मिनिटं मोजू लागला, पाचव्या मिनिटाला आकडाच गायब आणि अलर्ट परत शून्यावर. तो कधी वाजणारच नव्हता! हे फेब्रुवारीत बादलीवर सेन्सर धरून तपासलं म्हणून कळलं. जानेवारीतल्या त्या रात्रीचा ग्राफ पुन्हा पाहायला गेलो तर तोही नाही. वेगळं सांगितलं नाही तर प्रोमिथियस डेटा पंधराच दिवस ठेवतं.

लुकबॅक डेल्टा, म्हणजे क्वेरीने किती मागे पाहायचं ती पाच मिनिटांची मर्यादा, चाळीस मिनिटं करून पाहिला. ही सेटिंग अख्ख्या सर्व्हरला एकच. मोटर चालू-बंदची नोंदही मी वेळेसकटच देत होतो, त्यामुळे लाईन गेल्यावरही मोटर चाळीस मिनिटं चालूच दिसे. आरआरडीटूल या अशाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सोर्सला वेगळा हार्टबीट, म्हणजे आकड्याची वाट पाहायची मुदत, देता यायचा. इथे ती सोय का नसावी, हा राग अजून गेलेला नाही. महिनाभराने सेटिंग पुन्हा पाच मिनिटांवर आणली.

आता क्वेरीत लास्ट ओव्हर टाइम हे फंक्शन लावून शेवटच्या आकड्यासाठी पस्तीस मिनिटं मागे पाहतो. एखादं सॅम्पल हुकलं तरी चालतं. तेवढ्या वेळात काहीच आलं नाही तर अ‍ॅबसेंट ओव्हर टाइमचा वेगळा अलर्ट. मार्चपासून हे गुमान चाललं आहे.

पाण्याच्या मीटरचं मात्र जमलेलं नाही. एक पल्स म्हणजे दहा लिटर. तासाभराचा इन्क्रीज (एकूण वाढ) काढला की उत्तर येतं ४१.३ पल्स. पल्स तुकड्यात कशी येईल? खिडकीच्या दोन्ही टोकांना सॅम्पल नसेल तर ते अंदाजाने ताणून धरतात, म्हणून. दर मिनिटाच्या सॅम्पलला हे खपून जातं, पंधरा मिनिटांच्याला डोळ्यांत खुपतं. वीस मिनिटांच्या खिडकीत रेट (वाढीचा वेग) काढाल तर कधी दोन सॅम्पल सापडतात, कधी एकच, आणि एकावर रेट निघत नाही. मी आता मीटरचा कच्चा आकडा पाहून वहीतच वजाबाकी करतो.

एक कबूल करतो. नऊ महिन्यांत लाईन कितीदा गेली याचा हिशेब नाही. रास्पबेरी पाय दर वेळी धाडकन बंद पडला, पण डेटा एकदाही खराब झाला नाही. सगळं फुकटात, तेही रास्पबेरी पायसारख्या चिमुकल्या डब्यावर.

बाबांनी मात्र मोटरला ड्राय रन प्रोटेक्टर, म्हणजे पाणी संपलं की मोटर बंद करणारा डबा, बसवून घेतला, मला न विचारता. एक्स्पोर्टरमध्ये मी आणखी एक आकडा वाढवला आहे: शेवटची नोंद येऊन किती मिनिटं झाली. हा दर मिनिटाला ताजा होतो, त्याला पाच मिनिटांची भीती नाही. ग्राफाना या ग्राफ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात लावलाय. बाबा ग्राफ पाहत नाहीत, तेवढा आकडा पाहतात आणि वीसच्या वर गेला की टॉर्च उचलतात.